रात्रपाळी, मेन गेट

आधी टॉर्च घ्या. तीन सेलचा, स्टीलच्या नळीचा. उजेडापेक्षा दांडकं म्हणूनच जास्त कामाचा. सेल ओल खाऊन बसलेत, त्यामुळे झोत पिवळा पडतोय. पाऊस आत्ता कुठे थांबलाय. साल २००४, महिना जून, रात्रीचे दोन. तुम्ही पवईला, आयआयटीच्या आवारात रात्रपाळीवर आहात. टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी, गळ्यात दोरीला शिट्टी, खिशात तंबाखूची पुडी, जी ड्युटीवर काढायची नाही. सुपरवायझर म्हणालाय, होस्टेलांच्या मागचा राउंड मारून या. एकट्यानं जाऊ नका, असंही म्हणालाय. पण तुमच्या जोडीचा माणूस आज आलेलाच नाही.

एक सांगून ठेवतो. आज रात्रभर तुमच्या हातातला दिवा बदलत राहील. दिवा बदलला की साल बदललं असं समजायचं. पाळी मात्र तीच.

एरवी हा राउंड म्हणजे पाय मोकळे करणं. या महिन्यात नाही. भांडुप, मुलुंड, आरे, पवई, जंगलाच्या कडेकडेनं बिबट्यानं माणूस उचलल्याच्या बातम्या एकामागून एक येताहेत. या एका जूनमध्ये मेलेल्यांचा आकडा दहाच्या घरात जाणार आहे, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. आवाराच्या उत्तरेला टेकडी, तिच्यापलीकडे विहार तलाव, आणि त्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरावर चौरस किलोमीटरचं रान. मध्ये कुंपण आहे म्हणा. बिबट्याला ते आपल्या घराच्या उंबरठ्याएवढं. (मी मुलुंडचा. त्या पावसाळ्यात आमच्या चाळीत संध्याकाळी सातनंतर पोरांना कचरा टाकायलासुद्धा खाली पाठवत नसत. कचरा खिडकीतून टाकत, आणि त्या कचऱ्यावर कुत्री येत, आणि कुत्र्यांवर कोण येतं ते तुम्हाला आता कळेलच.)

चालताना टॉर्च खाली धरा, पायाशी. मग हळूच उचलून झुडपांच्या बुंध्याशी फिरवा, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. डोळे चमकले तर बहुधा कुत्र्याचे असतील. कान मात्र उघडे ठेवा. कुत्री भुंकताहेत तोवर बरं चाललंय. भुंकता भुंकता सगळी एकदम गप्प झाली, की जिथे आहात तिथे थांबायचं. वाकायचं नाही, बसायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. शिट्टी ओठांत धरायची.

कुत्री गप्प झालीत.

मिनिट जातं. पानांवरून पाणी गळतंय. कुठेतरी एका खोलीत गिटार वाजतेय, तीच ओळ पुन्हापुन्हा चुकतेय. आणि समोरून, रबरी चपला फटफटवत, एक पोरगा येतो. हाफ पँट, हातात मॅगीचा डबा. तुम्ही टॉर्च त्याच्या पायावर टाकता.

“कुठं निघालात?”

“भैया, बस सामनेवाला होस्टेल.”

“पुढून जा. मागच्या रस्त्यानं आज नाही.”

“अरे भैया, दो मिनिट का रास्ता है.”

तो उद्या एखादं यंत्र बनवेल, परदेशी जाईल, तुमच्या आयुष्यभराच्या पगाराएवढी त्याची पहिल्या वर्षाची कमाई असेल. आत्ता मात्र तो एकोणीस वर्षांचा, भुकेलेला आणि बेफिकीर आहे, आणि त्याला अडवण्यासाठी तुमच्याकडे फक्त आवाज आहे. तुम्ही त्याच्यासोबत पुढच्या रस्त्यानं चालत जाता, त्याच्या दारापर्यंत. वहीत याची नोंद होणार नाही. सुरक्षा विभागाच्या कामातलं निम्मं काम असंच असतं: जे घडलं नाही ते. न घडलेल्या गोष्टीचा अहवाल कुणी मागत नाही.

बिबट्या त्या रात्री होता की नव्हता, कोण जाणे. पण त्या वर्षी एवढी माणसं का गेली, याचं उत्तर पुढे हळूहळू मिळालं. जुन्नर भागात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं, की एका ठिकाणचा बिबट्या पिंजऱ्यात धरून अनोळखी रानात नेऊन सोडला, की हल्ले घटण्याऐवजी वाढतात. आणि बाहेर धरलेले बिबटे आपल्या उद्यानातही आणून सोडले गेले होते. म्हणजे जो परका करून टाकला, तोच धोक्याचा झाला. हे वाक्य जपून ठेवा, पुढे लागेल.

आता टॉर्च जड वाटतोय? बघा, तो टॉर्च नाहीच. कंदील आहे.

साल १९६०. पावसाळाच. पायाखाली डांबर नाही, चिखल आहे, घोट्यापर्यंत. भिंत नाही, गेट म्हणजे दोन खांब. दोन वर्षांपूर्वी वरळीला, सस्मिरा या संशोधन संस्थेच्या इमारतीत, शंभर विद्यार्थ्यांवर ही संस्था सुरू झाली. गेल्या वर्षी १० मार्चला पंडित नेहरू इथे येऊन कोनशिला बसवून गेले. आणि आता वर्ग पवईला आलेत. संचालक ब्रिगेडियर बोस, लष्करातले. युनेस्कोच्या मार्फत रशियाहून यंत्रं येताहेत, तज्ज्ञ येताहेत. कांजूरमार्गचं स्थानक अजून व्हायचंय. विक्रोळीला उतरून लोक इकडे येतात.

तुम्हाला वॉचमन म्हणतात, पहारेकरी म्हणतात. राखायचं काय? विद्यार्थी नव्हेत, ते आपले आपण राहतात. राखायचं ते सिमेंट, सळया, दारंखिडक्यांच्या चौकटी आणि लाकडी खोकी, ज्यांवरची अक्षरं तुम्हालाच काय, स्टोअरकीपरलाही वाचता येत नाहीत. शत्रू दोन: साप आणि ओल. तलावात मगरी आहेत, पण त्या आपल्या जागी राहतात. काठावर पद्मावतीचं जुनं देऊळ आहे, तिथे दिवा लावायला येणाऱ्याला त्यांनी काही केल्याचं ऐकिवात नाही. हा तलावही फार प्राचीन नाही. इंग्रजांनी १८९०च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांधला आणि थोड्याच काळात पाणी पिण्याजोगं नाही म्हणून सोडून दिला. त्याआधी हा सगळा मुलूख फ्रामजी कावसजी शेटच्या जहागिरीतला होता.

साहेबानं तुम्हाला एकच हुकूम दिलाय: बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही.

उजाडायला लागलंय. झाडीतून एक बाई येते. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर लाकडाची मोळी, हातात कोयती. ती तुमच्या दोन खांबांकडे बघतही नाही, त्यांच्या बाजूनं, मोकळ्या रानातून, सरळ चालत येते. तुम्ही कंदील वर करता. आडवे होता.

“ए बाय, कुठं चाललीस? इकडनं जायला बंदी हाय.”

ती थांबते. मोळी उतरवत नाही, मान न वळवता फक्त डोळे वळवते. तुमचा खाकी शर्ट बघते, कंदील बघते, चिखलात रुतलेले बूट बघते.

“तू कुठला?” ती विचारते.

तुम्ही कोकणातले असाल, घाटावरचे असाल, उत्तरेतले असाल. इथले नाही. ती इथली आहे. या टेकड्यांत, या बागांत पाडे होते, संस्था यायच्या आधीपासून. पायवाट तिच्या आजीनं पाडलेली. आणि आता कागदावर ती बाहेरची झाली, नि चार महिन्यांपूर्वी मुंबईत उतरलेले तुम्ही आतले.

तुम्ही काय कराल? मी तुमच्या जागी असतो तर बाजूला झालो असतो. तुम्हीही होता. पण हुकूम लिहिलेला राहतो, खांबांच्या जागी पुढे फाटक येतं, तारेच्या जागी भिंत येते, आणि पेरूबागेसारख्या पाड्याचं नाव नंतर बातम्यांत येतं ते घर, नळ आणि हद्द यांच्या भांडणासाठी. आवाराच्या सुरक्षेचा इतिहास लोक चोऱ्यांपासून सुरू करतात. मी तो या मोळीपासून सुरू करतो.

कंदील फुंका. ट्यूबलाइट.

साल १९८१, गेटवरची केबिन. इथे फार रेंगाळायचं नाही, पण एक कागद बघून घ्या. या वर्षी महाराष्ट्रानं खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. माथाडींसाठी १९६९ साली जे झालं तेच सूत्र: रक्षकाची नोंद सुरक्षारक्षक मंडळाकडे, म्हणजे बोर्डाकडे, मालकानं पगार आणि लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळानं रक्षकाला द्यायची. मधला एजंट गाळायचा. मुंबईत म्हणून अजूनही लोक विचारतात, “बोर्डाचा गार्ड आहे की एजन्सीचा?” प्रश्न साधा, पण त्यात भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, सगळं आलं. कायद्याच्या २३व्या कलमात काही एजन्सींना सूट देण्याची वाट ठेवली, आणि त्या वाटेनं पुढे किती जण गेले ते कोणत्याही सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघा. बारा तास पॉइंटवर उभा असलेला माणूस बोर्डाचा असण्याची शक्यता कमीच.

तुमच्या अंगावर गणवेश आहे. खांद्यावर फीत, पट्ट्याला बक्कल. लांबून पोलीस वाटता, म्हणूनच बरेच जण तुम्हाला बघून स्कूटरचा वेग कमी करतात. पण पोलीस तुम्ही नाही. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याखालच्या नियमांनी तुम्हाला शंभर तासांचं वर्गातलं आणि साठ तासांचं मैदानी प्रशिक्षण घालून दिलंय. पोलिसांसारखा, लष्करासारखा वेश घालायचा नाही असंही बजावलंय. अधिकार म्हणाल तर रस्त्यावरच्या कोणत्याही नागरिकाला आहे तेवढाच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४०वं कलम, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३वं: डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा घडला तर खाजगी माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या हवाली करायचं. नव्या संहितेनं त्याला सहा तासांची मुदत घातली. झडती नाही, चौकशी नाही, कोठडी तर नाहीच.

अमेरिकेत वेगळं आहे. तिथे येल विद्यापीठानं १८९४ साली न्यू हेवन शहराचे दोन पोलीस आपल्याकडे घेतले आणि कॅम्पस पोलीस नावाची चीज जन्माला आली. आज तिथल्या मोठ्या विद्यापीठांना स्वतःचे शपथबद्ध, पिस्तूलधारी पोलीस असतात; आणि १९९०पासून क्लेरी कायद्यानं आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते. आपल्याकडे तसलं काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ साली सूचना काढल्या: चढता येणार नाही अशी उंच भिंत, वर काटेरी तार, कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी, आणि जमल्यास आवारातच पोलीस ठाणं. शेवटच्या दोन शब्दांवर मी अजून अडखळतो. पोलिसांनी आवारात यायला कुलगुरूंची परवानगी लागते असं आपण समजतो. ती कायद्यात कुठेच नाही, रिवाजात आहे. रिवाज किती पातळ असतो ते १५ डिसेंबर २०१९च्या रात्री दिल्लीत जामिया विद्यापीठाच्या वाचनालयात पोलीस शिरले तेव्हा दिसलं. पोलीस ठाणं आत आणायचं म्हणजे तो रिवाजही मोडीत काढायचा. त्यापेक्षा शिट्टीवाला बरा.

ट्यूबलाइट लुकलुकतेय. तलावापलीकडे दिवे वाढताहेत. ऐंशीच्या दशकात जिथे खाणीचे दगड होते तिथे हिरानंदानीचे खांबवाले मनोरे उभे राहिले. मूड इंडिगो महोत्सवाच्या गर्दीत तुम्ही हातावर शिक्के मारता, टेकफेस्टला यंत्रमानव बघायला आलेली शाळेची पोरं मोजता. २००८च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर गाड्यांच्या पोटाखाली आरसा फिरवायची पद्धत आली. काठीच्या टोकाला चाकावरचा आरसा. तुम्ही तो इमानेइतबारे फिरवता. त्यात काय दिसायला हवं ते मात्र कुणी नीट सांगितलेलं नाही. डिकी उघडा म्हटलं की साहेबाचा चेहरा बदलतो. “रोज येतो मी.” रोज येणाऱ्याला हा अपमान वाटतो, आणि तुम्हाला तर रोज तोच अपमान दीडदोनशे गाड्यांचा करायचाय.

जुलै २०१९ला वळूही आले. एक मोकाट जनावर भर वर्गात शिरलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली, लोक हसले. त्याच महिन्यात, त्याआधी, आवारातल्या रस्त्यावर फोनवर बोलत उभ्या असलेल्या एका तरुणाला धावत्या वळूंनी उडवलं होतं, ते आठवलं की हसू थांबतं. वळूला ओळखपत्र मागता येत नाही. तुम्ही काठी आपटता, “हैक, हैक” करता. प्रशिक्षणाच्या एकशे साठ तासांत हे नव्हतं. गावाकडे शिकलात ते उपयोगी पडलं.

आणि एक काम आहे, ज्याबद्दल रात्रपाळीवाले आपसातही बोलत नाहीत. फोन येतो: अमुक खोलीचं दार उघडत नाही. मग वॉर्डन, दवाखाना, पोलीस, हा क्रम पाठ असतो. पण दाराशी पहिला पोचतो तो बहुधा गणवेशातला, आठवी-दहावी शिकलेला माणूस. बिबट्याच्या रात्रीपेक्षा ती रात्र लांब असते. इथे आपण थांबणार नाही. फक्त एवढंच, की त्यानंतर त्या माणसाची पाळी संपेपर्यंत त्याला पॉइंटवरच उभं राहावं लागतं.

आता पांढरा उजेड. एलईडी. साल २०२५, पुन्हा जून.

केबिनमध्ये पडदे आहेत, पडद्यांवर चौकोन, चौकोनात रस्ते, जिने, दारं. सगळं दिसतं. आणि या महिन्यात सगळं दिसत असतानाच, एक परका तरुण चौदा दिवस आवारात राहून गेला. विद्यार्थी नव्हता, कर्मचारी नव्हता, कुणाचा पाहुणा नव्हता. सोफ्यावर झोपला, वर्गात जाऊन बसला, व्याख्यानं ऐकली. तुम्ही स्वतः त्याला बघितलं असेल. पाठीवर सॅक, चालण्यात घाई नाही, गोंधळ नाही. कॅमेऱ्यानंही बघितलंच होतं. कॅमेऱ्याला माणूस दिसतो. हा माणूस कोण, हे कॅमेरा विचारत नाही.

विचारलं ते एका कर्मचाऱ्यानं. ४ जूनला सोफ्यावर पडलेल्या त्या मुलाला ओळखपत्र मागितलं, आणि तो पळाला. तेरा दिवसांनी, १७ तारखेला, तो एका व्याख्यानगृहात पुन्हा बसलेला दिसला आणि या वेळी ओळखला गेला. सुरक्षारक्षकांनी धरला, पवई पोलिसांकडे दिला, मग गुन्हे शाखा, मग बातम्या, मग “सुरक्षेत त्रुटी” हे ठरलेलं शीर्षक. मला यात त्रुटीपेक्षा दुसरंच दिसतं. हजारो मुलांच्या आवारात, शेजारच्या बाकावर बसलेल्या नव्या मुलाला चौदा दिवसांत एकाही विद्यार्थ्यानं विचारल्याचं ऐकिवात नाही, की बाबा तू कुठला? १९६०च्या त्या मोळीवाल्या बाईनं पहिल्या मिनिटात विचारलं होतं.

पुढचे काही दिवस तुमचे हाल आहेत. प्रत्येकाचं कार्ड बघा, असा हुकूम सुटलाय. प्रोफेसरांचंही. सकाळच्या वेळी गेटवर रांग लागते, आवारातल्या टुमटुम बसमधल्या मुली घड्याळ बघतात, मागून हॉर्न वाजतात. चेहऱ्यानं तुम्ही यांतल्या निम्म्यांना ओळखता. कोणाचं मूल यंदा दहावीला आहे, कोणाच्या घरी कामाला येणारी बाई आज आली नाही, कोणत्या स्कूटरचा सायलेन्सर सुटलाय, तुम्हाला ठाऊक आहे. हे ज्ञान कोणत्या यंत्रात नाही आणि कंत्राट बदललं की तुमच्यासकट ते निघून जातं. दर निविदेला सर्वांत कमी दर भरणारा जिंकतो. नव्या एजन्सीचा नवा माणूस येतो, त्याला पद्मावतीचं देऊळ कुठे तेही माहीत नसतं. तो फक्त कार्ड बघू शकतो. माझ्या मते आवार असुरक्षित होतं ते त्या दिवशी, भिंतीला भोक पडतं त्या दिवशी नव्हे.

सहा वाजलेत. तलावावर धुकं आहे, टेकडीकडून मोर ओरडतोय. टॉर्च विझवा. वही ओढा आणि चार्ज द्यायच्या आधी ओळ लिहा. पासष्ट वर्षं ती बहुतेक एकाच चालीवर लिहिली जातेय: रात्री राउंड घेतला, सर्व ठीक. तारीख टाका, सही करा. मॅगीवाला पोरगा, मोळीवाली बाई, गप्प झालेली कुत्री, यांतलं काही त्या ओळीत मावत नाही, आणि मावू नये.

तेवढ्यात पहिली गाडी येते. काळी काच, चढवलेली. आत कुणीतरी फोनवर आहे. त्यानं दोन बोटं वर केली, म्हणजे आपला, म्हणजे सोड. तुम्ही सोडत नाही. हात आडवा करता, काचेवर हलकेच टकटक करता. आत वैताग. मागे हॉर्न.

आता तुम्हाला तुमच्या सालात परत पाठवतो. तिथे बहुधा तुम्ही गाडीच्या आतल्या बाजूला असाल: पवईच्या नाही तर कलिन्याला विद्यापीठाच्या गेटवर, किंवा आपल्याच सोसायटीच्या. टकटक होईल. काच खाली करा, कार्ड दाखवा, आणि जमलं तर त्याचं नाव विचारून घ्या.